पूर्णा नदीवरचं धरण, चार अक्षरं

मी रविवारच्या पुरवणीतलं मोठं शब्दकोडं बोलतोय. रोजच्या अंकात कोपऱ्यात अंग चोरून बसतं ते चिमुकलं कोडं निराळं. मी चांगलं अर्धं पान अडवतो. लोक संपादकाचा लेख न वाचता आधी मला शोधतात, याचा मला थोडा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

छापखान्यातून निघालो तेव्हा अंगावरची शाई पुरती वाळलीही नव्हती. एसटीत गठ्ठ्याखाली दबून वसमतला आलो आणि पेपरवाल्यानं मला एका ओट्यावर भिरकावलं. तिथं व्यंकटराव चष्मा पुसत बसले होते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पेनानं कोडं भरणारा माणूस! पेन्सिल भित्र्या लोकांसाठी असते, असं त्यांचं ठाम मत.

या घराची हकिगत मला रद्दीच्या गठ्ठ्यातल्या माझ्या थोरल्या भावंडांनी सांगितली. व्यंकटराव शोधसूत्रं मोठ्यानं वाचायचे आणि त्यांची बायको पार्वतीबाई भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायच्या. गेल्या वर्षी पार्वतीबाई वारल्या आणि घराचं बोलणंच बंद पडलं.

कारण सून शितल आणि सासरा एकमेकांशी कधी थेट बोललेलेच नव्हते. जुनं वळण. व्यंकटरावांना काही सांगायचं असलं तर ते बायकोला सांगत, ती सुनेला सांगे. उत्तर त्याच वाटेनं परत. मुलगा मुंजाजी हळदीचा ट्रक घेऊन सांगलीला, घरी क्वचित. आता मधला माणूसच नाही म्हटल्यावर व्यंकटराव भिंतीकडे बघून म्हणत, "भूक लागली बुवा." जेवण तयार झालं की शितल ताटावर वाटी वाजवी. माणसांना देवानं जीभ दिली आहे आणि ती वाटी वाजवतात, हे ऐकून मला हसू आलं. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं.

त्या रविवारी तर पलंगावर भरलेली पिशवी होती. व्यंकटराव हिंगोलीला लेकीकडे निघाले होते, कायमचे. शेजारचे सोनाजी ओट्यावर आले तेव्हा व्यंकटराव त्यांना म्हणाले, "हितं कुणाशी बोलू? सून तोंड उघडत न्हाई. माझी अडचण होऊन राहिली तिला."

आतमध्ये शितल नवऱ्याला फोनवर हळू आवाजात सांगत होती, "मामा माझ्यावर रागावून चालले. माझं काय चुकलं, तेच कळंना." बोलता बोलता तिला रडू आलं. मला दोन्ही ऐकू येत होतं आणि माझ्या तर चौकटीच तडतडायला लागल्या. पण कोड्याला बोलता कुठं येतं?

बसला अवकाश होता म्हणून व्यंकटरावांनी आत येऊन मला मांडीवर घेतलं. सवयीनं मोठ्यानं वाचलं, "पूर्णा नदीवरचं धरण. चार अक्षरं." आणि क्षणाचाही विचार न करता पेनानं ठोकून दिलं, सिद्धेश्वर. त्यांचं मूळ गावच त्या धरणाच्या कडेला. दुसरं धरण त्यांना सुचणार तरी कसं?

मग माझा तो सगळा कोपरा अडला. "गावात डफ वाजवून दिलेली सूचना. तीन अक्षरं, पहिलं श्व." त्यांनी चारदा वाचलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला शितलचे ओठ हलताना दिसत होते. आवाज मात्र नाही.

"छापणाऱ्यायनंच घोळ केला," व्यंकटराव वैतागले. मला टराटरा पुरवणीतून वेगळं केलं आणि पिशवीत टाकायच्या चपला माझ्यात गुंडाळायला घेतल्या. माझ्यात, चपला! त्यांनी एक चप्पल ठेवली, दुसरी उचलली.

"येलदरी!"

स्वयंपाकघरातून आवाज आला. मोठा, फुटल्यासारखा. व्यंकटराव हातात चप्पल धरून तसेच उभे राहिले. शितल दाराशी आली. पदर डोक्यावर होता, हात पिठाचे होते.

"मामा, ते धरण येलदरी हाय. मग खाली बराबर दवंडी येती."

"काहून?" व्यंकटराव भिंतीकडे न बघता बोलले. "सिद्धेश्वर काय गोदावरीवर हाय व्हय?"

"पूर्णेवरच हाय. पण येलदरी बी पूर्णेवरच. माझं माहेर तिथलंच. आमी वरून पाणी सोडतो, तवा तुमचं सिद्धेश्वर भरतं."

व्यंकटराव इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "इतके दिवस काहून बोलली न्हाई पोरी?"

"तुमी कवा इचारलं, मामा? तुमी भिंतीला इचारता. मला वाटलं, तुमी माझ्यावर रागावून चालले."

"आन मला वाटलं, तुला माझी तकलीफ होऊन राहिली."

ते पलंगावर बसले. चप्पल काढून मला मांडीवर सरळ केलं, सिद्धेश्वर खोडून वर येलदरी लिहिलं. माझा तो कोपरा काळाकुट्ट झाला. दिसायला अगदीच वाईट, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मग त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. "हात धू आन हितं बस. पुढलं तू वाच."

ती बस गेली. पिशवीतले कपडे संध्याकाळी पुन्हा खुंटीवर आले.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर डाळीच्या डब्याखाली अंथरलेला आहे. कडा पिवळ्या पडल्या, एका बाजूला तेलाचा डाग आहे. थोड्या दिवसांनी शितल फळी पुसेल आणि माझ्या जागी दुसरा कागद येईल. माझी तक्रार नाही. वाचकहो, एवढंच मागतो: घरात कुणी कोडं मोठ्यानं वाचत असेल आणि उत्तर तुम्हाला येत असेल, तर गप्प बसू नका. वाचणाऱ्याला बहुतेक वेळा शब्द नको असतो, तुमचा आवाज हवा असतो.

काल हिंगोलीहून लेकीचा फोन आला होता. कधी येता, विचारत होती.

"आत्ता कसं जमंल?" व्यंकटराव म्हणाले. "शितल एकटी पडंल ना."