मुहूर्ताचा साचा

चंद्रव्वा नवऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडत होती, तेवढ्यात महिपती मिस्त्री उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"बसप्पा, काळजी करू नगंस. कारखान्याची खोली तुझ्याकडंच ऱ्हाईल. गोरा सायेब म्हनला, चूक तुजी न्हाय. नागप्पानं साचा वल्ला ठेवला. त्याला उद्या कामावरनं काढत्यात."

एवढं बोलून तो गेला. बसप्पाचे दोन्ही डोळे गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

गिरण्यांची चाकं ओतणाऱ्या त्या कारखान्यात नागप्पा वाळूचे साचे बांधायचा आणि बसप्पा त्यांत लोखंडाचा रस ओतायचा. दोघं एकाच चाळीत राहायचे. अपघात झाल्यापासून या घरची भाकरी नागप्पाची बायको ईरम्माच थापत होती.

खंडेनवमीला कामगारांच्या बायका कारखान्यात जाऊन भट्टी, घण, सांडशी पुजायच्या. मग मुहूर्ताचा एक साचा ओतायची रीत होती. यंदा तो मान बसप्पाचा. बाकीच्या बायका हळदकुंकू वाहून मागं फिरल्या, पण चंद्रव्वाला कुठलं राहवतंय? नवऱ्याच्या साच्यावर हिनं तांब्यातलं पाणी शिंपडलं, तेही चांगलं सढळ हातानं. तापला रस पाण्याला लागला की उसळून अंगावर येतो, हे तिला कोण सांगणार होतं?

"नागप्पाअण्णानं साचा वाळवूनच दिलता," ती कशीबशी म्हणाली. "पानी म्या शिंपडलं."

आता हा तोडून बोलेल, म्हणून ती खाली मान घालून बसली.

"ठावं हाय मला."

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला? वल्लं कुंकू दिसलं की मला, ओतायच्या आदी."

तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"मग ओतलं कशापायी?"

"तू दाराशी हात जोडून हुबी व्हतीस. समद्यांदेखत तुजी पूजा मोडू व्हय? म्हनलं, चार थेंबांनी काय व्हतंय."

चंद्रव्वाला रडू फुटलं. बराच वेळ ती रडत होती. मग तिनं नवी पट्टी बांधली, तोंड पुसलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"कुटं निघालीस?"

"मिस्त्रीकडं."

"खोली जाईल आपली."

"व्हय."

बसप्पा भिंतीला धरून उठला. पायानं चाचपत त्यानं वहाणा शोधल्या.

"मग मला बी ने," तो म्हणाला. "पानी तुजं असंल. बघून ओतलं ते म्या."