झाकलेली उंची

बाळंतपणाच्या रजेनंतर हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात, रडारच्या पडद्यासमोर माझी परीक्षा होती. मागे परीक्षक मॅडम हेडफोन लावून बसलेल्या. त्यांच्या हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की माझा आवाज तुटतो, वैमानिकाला त्यांचा ऐकू जातो. आणि परीक्षा तिथंच संपते.

"घरी कोण आहे गं?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"सासूबाई."

"मग बाळ आजीकडे, विमानं तुझ्याकडे. अदलाबदल करू नकोस म्हणजे झालं."

मी हसले. पण पाजायची वेळ टळून गेलेली, छाती दगडासारखी झालेली. बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. पिल्लू बाटली घेत असेल ना? की टाहो फोडून घर डोक्यावर घेतलं असेल?

एका मालवाहू विमानाने खाली उतरायची परवानगी मागितली. मी दिली. वैमानिकाने उंचीचा आकडा बरोबर परत म्हणून दाखवला.

आणि तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला पाटी असते, तिच्यावर विमानाचं नाव आणि उंची. इथे ठिपके दोन होते आणि मी पाटी एकच वाचली होती. माउसने ती बाजूला ओढली तर खालून दुसरी निघाली. प्रवासी विमान, समोरून येणारं, बरंच खाली, पण याच्या उतरण्याच्या वाटेतच. पाट्या एकमेकींवर चढल्या की आधी विलग करायच्या, हे आम्ही नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो!

मागे खुर्ची करकरली.

"उतरणं थांबवा. आहे तीच उंची धरा," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुठून आला देव जाणे.

उत्तर येईना. उंचीचा आकडा आणखी उतरला. मग वैमानिकाने माझे शब्द परत म्हटले, आकडा स्थिरावला. ठिपके एकमेकांवरून गेले, मधे पुरेसं आभाळ ठेवून.

"बोट बटणावर होतं माझं," मॅडम म्हणाल्या. "पण तू बोललीस. चालू ठेव."

"नको. मला खुर्चीवरून उठवा."

"वेडी आहेस का? परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागेल."

"देईन. आज माझं अर्धं चित्त घरी आहे, मॅडम."

त्यांनी माझ्या बदली लंबूला, आमच्या उंच सहकाऱ्याला, हाक मारली. तो शेजारी उभा राहिला. मी त्याला एकेक विमान सांगत गेले, नाव, उंची, कुठे निघालंय. ब्लाऊज ओला होत होता. लंबू "घेतलं" म्हणेपर्यंत मी पडद्यावरची नजर काढली नाही.