वाघ्याचा तिसरा डोळा

वाघ्याच्या उजव्या डोळ्याखाली भोक पडलं तो रविवार होता, खंडोबाचा वार. माझे सासरे, नाना, अंगणात हात जोडून उभे राहिले. भोकातून पिवळसर पाणी गळत होतं.

"भंडाराच गळतोय, हर्षाली," नाना म्हणाले. "देवाच्या कुत्र्याला तिसरा डोळा फुटला."

मी नाशिकला कॉलेज केलंय. मला हसू यायला हवं होतं. पण त्याआधी महिनाभर वाघ्या भिंतीला गाल घासत होता, रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून तासन्‌तास बसत होता, भाकरी तोंडात घेऊन टाकून देत होता. घरात असा वास सुटला होता की उंदीर मेलाय समजून मी दोनदा कोठी उपसली. त्यामुळे नानांचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटाच आला.

चांदवडजवळच्या आमच्या वस्तीवर बातमी पसरायला किती वेळ लागणार? पुढच्या रविवारी वीस माणसं आली. रीत नानांनीच ठरवली. प्रश्न विचारायचा आणि चिमूटभर भंडारा त्या डोळ्यात भरायचा. वाघ्या विव्हळला तर होय, गप्प राहिला तर नाही. तो बहुतेक वेळा विव्हळायचाच, आणि लोक खूश होऊन जायचे. ते ओरडणं कुत्र्याचं वाटायचं नाही. बाई कण्हते तसं लांबत जायचं, आणि ते चालू असेपर्यंत कांद्याच्या चाळीवरच्या चिमण्याही गप्प असायच्या.

तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर मी एकटी त्याच्यापुढे बसले. माझा नवरा शेखर ट्रक घेऊन गेला त्याला पाच महिने झाले होते. फोन बंद. मालक म्हणे, इंदूरला गाडी सोडून तो कुठंतरी निघून गेला. मी विचारलं, "येतील का रे ते?" आणि भंडारा भरला.

वाघ्या इतका ओरडला की माझ्या हातातली वाटी पडली. मी रडले. आनंदानं रडले, सांगायला लाज वाटते. मग रोज दुपारी विचारू लागले.

आठवड्याभरात त्यानं पाणीही सोडलं. तोंड सुजून खरा डोळाही मिटला. मी घाबरले, पण खरं सांगते, त्याच्यासाठी नाही. हा मेला तर मला सांगणार कोण, म्हणून घाबरले. नाना शेतात गेलेले बघून शेजारच्या सुनीलभाऊंच्या पिकअपमध्ये वाघ्याला घातलं आणि नाशिक गाठलं.

जनावरांच्या डॉक्टर तेजस्विनीताईंनी त्याचा ओठ वर केला. वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी खरपुडा चढला होता.

"डोळा कसला? दाढेचं मूळ सडलंय. पू वर चढून गालातून फुटलाय. त्यात हळद कोणी कोंबली?"

मी खाली बघितलं.

"याचं तोंड उघडून कधी बघितलंत का?"

"नाही."

"कोणीच बघत नाही. कुत्री-मांजरं दुखलं तरी मुकाट खातात, आणि आपल्याला वाटतं बरं चाललंय."

त्यांनी भूल देऊन दाढ काढली, बाकीचे दात साफ केले. निघताना ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट हातात दिली. "डावीकडच्या दाढेची हिरडीही सुटायला लागलीय. रोज ब्रश केलात तर वाचेल. नाही केलात तर तिकडेही हेच होईल."

जखम भरली. वाघ्या भाकरी कडाकडा खायला लागला. रविवारी नानांनी व्रणावर भंडारा लावला, तर त्यानं शेपूट हलवून त्यांची बोटं चाटली. माणसं एकेक करून उठली. "देव निघून गेला," नाना म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

तीन आठवडे मी रोज ब्रश केला. शेखरचा फोन अजून बंदच आहे. ते उत्तर नव्हतं, दुखणं होतं, एवढं मला कळतं. पण त्या दुपारी कोणीतरी मला होय म्हणत होतं, आणि आता या घरात कोणीच काही म्हणत नाही.

आज चौदा दिवस झाले, मी ब्रश ओला केलेला नाही. वाघ्या सकाळी आपणहून माझ्यापुढे येऊन बसतो, तोंड वर करतो. मी त्याचा डावा ओठ उचलून बघते, हलकेच सोडते, आणि म्हणते, "उद्या."