पाणी न पाहिलेली काठी

मित्रांनो, मी मासे धरायची काठी आहे. मला बनवून बावीस वर्षे झाली आणि आजवर मी एकही मासा पाहिलेला नाही. ऐकायला बसलात म्हणून आधीच सांगून ठेवते, माझ्या गोष्टीचा शेवट गोड नाही.

माझा जन्म एका म्हाताऱ्या कारागिराच्या खोलीत झाला. त्याने एक वेळू उभा चिरला, त्याच्या सहा पट्ट्या रंध्याने तासल्या आणि सरसाने अशा चिकटवल्या की त्यांची पुन्हा एकच काठी झाली. मग माझ्या अंगावर रेशमी दोऱ्याने तारेच्या कड्या बांधल्या, बुचाची मूठ बसवली, मधोमध पितळेचा जोड दिला आणि वरून व्हार्निशचे चार हात दिले. साध्या गळाला एवढे लागत नाही. पण आमच्या गळाला आमिष नसते, पिसांची आणि दोऱ्याची एक खोटी माशी बांधलेली असते. तिला वजन म्हणून नसते. ती पाण्यावर अलगद टेकवायची तर जाड दोरी आधी हवेत मागे फेकायची, ती सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे सोडायची. सगळे काम काठीच्या लवण्यावर चालते. मला वाकवून पाहत कारागीर म्हणाला होता, "ही हातात बोलेल."

मला विकत घेतले एका तराजू दुरुस्त करणाऱ्याने. सगळे त्याला काटेवाला म्हणत. साठीला टेकलेला, एकटा जीव. असली काठी त्याने जन्मात हातात धरली नव्हती. त्याचा थोरला भाऊ मात्र नदीचा माणूस. लहानपणी दादा त्याला कधी सोबत नेत नसे. "तू बडबडतोस, मासे पळतात," म्हणून दारातूनच परत पाठवी. ते काटेवाल्याच्या मनात पन्नास वर्षे सलत राहिले होते. आता दादाला चार पावलांत धाप लागू लागली होती. त्याच्याबरोबर एक दिवस नदीवर काढायचा, एवढ्या एका इच्छेसाठी मी त्या घरात आले.

दुकानामागच्या अंगणात दादा खुर्ची टाकून बसला आणि शिकवणी सुरू झाली. माशीऐवजी दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधला होता.

"मागे फेक. आता थांब. दोरीला सरळ होऊ दे. अरे, थांब म्हटलं ना!"

काटेवाला थांबला नाही. दोरी त्याच्याच कानाला आणि चष्म्याला गुंडाळली गेली.

दादा हसता हसता खोकू लागला. "मासा नाही तर नाही, स्वतःला तरी धरलंस!"

दुसऱ्या खेपेला माझी दोरी शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली.

"काय लागलं हो, काटेवाले?" तिने कुंपणावरून विचारले.

"उशीचा अभ्रा, ताई."

"लहान आहे. सोडून द्या, मोठा होईल."

दादाने डोळे पुसले. दुरुस्तीला आलेले एक पितळी पारडे भिंतीशी टेकवून ठेवले होते, त्याकडे बोट करून तो म्हणाला, "ते ठेव तिकडे बारा पावलांवर. दहापैकी दहा वेळा गोंडा त्यात पडला, की नेतो तुला. नाहीतर माझे मासे नदी सोडून जातील."

मित्रांनो, घात झाला तो इथे. दुसऱ्या कोणी हे बोलणे हसण्यावारी नेले असते. पण हा माणूस चाळीस वर्षे तराजूचा काटा मध्यावर आणत आला होता. केसभर कललेला तराजू त्याने कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. 'चालतंय की' हे त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्याने भावाची थट्टा नियमासारखी धरली.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो मला जोडून अंगणात उभा राही. आधी दहा फेकींत एक पारड्यात पडे, मग तीन. भिंतीवर खडूने रेघा ओढी. पावसाळा आला आणि गेला, थंडीत बोटे आखडली तरी खंड नाही. आणि मित्रांनो, खरे सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. त्याचे मनगट स्थिर झाले होते, तो थांबायला शिकला होता. दोरी मागे उलगडली की तिची ओढ माझ्या अंगातून त्याच्या तळहातात जाई आणि आम्हा दोघांना एकाच क्षणी कळे, आता. सराव झाला की तो मला मऊ फडक्याने पुसून खोळीत घाली. तळहाताएवढेही ऊन माझ्यावर पडू देत नसे.

एक दिवस वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, हे म्हणतायत पाणी निवळलंय, उद्या या."

"त्याला सांगा, अजून सहाच पडतात."

"काय पडतात?"

"त्याला कळेल."

पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला. तेव्हा आठ पडत होत्या.

मग एका सकाळी दादा स्वतःच फाटकाशी आला. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, हातात त्याची जुनी काठी. दम लागल्यामुळे तो पायरीवर बसला.

"चल."

"दादा, नऊ पडतात. एवढा आठवडा थांब."

"अरे, चल की. मासे काय मोजायला बसलेत?"

"तसं नको. तुझ्यासमोर हसं नको व्हायला. आठवडाच म्हणतोय."

मी तेव्हा जोडलेली, त्याच्या हातातच होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. दादाने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरं बाबा," म्हणाला आणि भिंतीला धरत धरत निघून गेला.

आठवडा नाही, अकरा दिवस लागले. बाराव्या सकाळी गोंडा दहाही वेळा पारड्यात पडला. काटेवाल्याने दुकान उघडलेच नाही. मला खोळीत घालून तो भावाच्या घरी जवळजवळ धावत गेला.

दादा पलंगावर होता. चार दिवसांपूर्वी झटका येऊन त्याची एक बाजू गेली होती. "तुमचा फोन लागत नव्हता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. सरावात व्यत्यय नको म्हणून काटेवाल्याने त्या अकरा दिवसांत रिसीव्हर काढूनच ठेवला होता.

तो पलंगाशी वाकला. "दादा, दहा पडल्या. दहाच्या दहा."

दादाने मान कशीबशी त्याच्याकडे वळवली. जड जिभेने विचारले, "कसल्या दहा?"

काटेवाल्याने वहिनींकडे पाहिले. त्यांनाही काही ठाऊक नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला यायचंच नाहीये. यांनाही तसंच वाटायचं."

सात दिवसांनी दादा गेला.

लोक म्हणाले, आता तू एकटा जा, हात बसलाय तुझा. तो गेला नाही. मी तेव्हापासून दुकानाच्या आतल्या भिंतीवर आहे. वर्षातून एकदा तो मला खोळीतून काढतो, तेल लावतो, पुन्हा आत ठेवतो. माझ्यावर एक ओरखडा नाही. पाहणारे म्हणतात, किती जपलंय! अशा जपण्याने माझे काय झाले ते मी कोणाला सांगू? आतला सरस सुकून पट्ट्या सुटत चालल्या आहेत. आज मोठा मासा लागला, तर मी जोडापाशी मोडेन.

मित्रांनो, मला पुसा, मला उन्हापासून जपा, असे मी म्हणणार नाही. ते सगळे माझ्या वाट्याला पुरेपूर आले. माझे मागणे एवढेच आहे: तुमच्या माणसाने दारात येऊन "चल" म्हटले, तर तुम्हाला काय येते आणि काय येत नाही याचा हिशेब मांडत बसू नका. गुंता होईल, हसे होईल, तरी जा. माझ्याने आता काही होणार नाही. मला मोडायचेच होते, तर त्या दोघांच्या हसण्यात, गुडघाभर पाण्यात मोडायला हवे होते.