चौकटीवरच्या लाल खुणा

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सकाळी नेव्हिओ बारमध्ये शिरला तोच मुळी छाती फुगवून. का नाही फुगवणार? आज गावच्या फुटबॉल क्लबची पंचवीस जणांची यादी लागणार होती. चोवीस नावं पोर्तोसाले गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. राहिली एक जागा, डाव्या बॅकची, आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघं बसलेले. एक नेव्हिओ. तो ज्या हॉस्पिटलात जन्मला त्याच्या खिडकीतून स्टेडियमचे दिवे दिसतात! आणि दुसरा हौकुर, आइसलंडचा. जिथे माणसं कमी आणि मेंढ्या जास्त, तिथला.

"ती जागा घरच्या खेळाडूसाठी राखीव आहे," नेव्हिओने कॉफी एका घोटात संपवली. "नियमच आहे तसा. आता तुम्हीच सांगा, घरचा कोण?"

"तूच रे, राजा!" म्हातारा अर्मीनिओ पत्ते पिसता पिसता ओरडला. "हे परदेशी भरून भरूनच आपल्या नॅशनल टीमची वाट लागली! आपल्या पोरांनी काय बाकावर बसून ढेकर द्यायचे?"

"तेच म्हणतो मी!"

"पण काही म्हण हां," अर्मीनिओने पान टाकलं, "तो आइसलंडवाला रेफरीला शिव्या कसल्या देतो! अस्सल आपल्या मासळीबाजारातल्या. परवा तर माझी बायको लाजली. तू आपला उत्तरेत राहून आलास ना, तुझं सगळं 'साहेब, जरा बघता का' असं."

अख्खा बार हसला. नेव्हिओही हसला, पण पोटात असं काही पेटलं म्हणता!

कारण त्या शिव्या हौकुरला शिकवल्या कोणी? नेव्हिओच्या आईने.

झालं होतं असं, की चौदाव्या वर्षी नेव्हिओला उत्तरेतल्या एका बड्या क्लबच्या अकादमीने उचललं. गावाने पेढे वाटावेत तसे केक वाटले. तो गेला, आणि त्याच्या आईला, लोरेदानाबाईंना, घर खायला उठलं. दोन वर्षं त्यांनी कशीबशी काढली. मग आपल्या क्लबने बाहेरगावच्या पोरांसाठी घरं शोधायला घेतली, तेव्हा त्यांनी सांगितलं, द्या एक माझ्याकडे. आला हौकुर. सोळा वर्षांचा, काठीसारखा, भाषेचा एक शब्द येईना. नेव्हिओच्या खोलीत राहिला, नेव्हिओच्या पलंगावर झोपला, पाय बाहेर काढून. पाच वर्षं!

आणि नेव्हिओ? त्याला बड्या क्लबने एकोणिसाव्या वर्षी नारळ दिला. मग तिसऱ्या डिव्हिजनमध्ये या गावातून त्या गावात. या उन्हाळ्यात चोविसाव्या वर्षी गावच्या क्लबने घेतलं, तेव्हा परत आला तो आपल्या जुन्या खोलीत. तर पहिल्याच रविवारी तेरा प्रकारच्या माशांचा रस्सा झाला, आणि लहानपणापासून जो मोठा लाल मासा त्याच्या ताटात पडायचा तो आईने, अगदी सवयीने, हौकुरच्या ताटात वाढला. लक्षातच आलं नाही तिच्या! हौकुर आता वेगळा राहतो, पण मंगळवारी आणि रविवारी जेवायला हजर. वर ताट पुसून खातो आणि म्हणतो, "आई, थोडा रस्सा."

आई!

म्हणून ही यादी. ही एक गोष्ट त्याची होती. इथे कोणी त्याला मागे टाकू शकत नव्हतं, कारण जन्म काही उसना घेता येत नाही.

अकरा वाजता सेक्रेटरी ओरात्सिओने त्याला ऑफिसात बोलावलं. पुढ्यात कागद, चष्मा कपाळावर.

"बस, नेव्हिओ. यादीत हौकुरचं नाव चाललंय."

"पण ती जागा घरच्याची आहे!"

"हो, म्हणूनच."

"तो आइसलंडचा आहे, ओरात्सिओ!"

"असू दे ना चंद्रावरचा. कागदाला पासपोर्ट नको असतो रे. पंधरा ते एकवीस या वयात तीन वर्षं आपल्या क्लबात काढलेला तो घरचा. असे चार लागतात, आपल्याकडे तीन होते. हौकुर पाच वर्षं इथे होता. तू किती?"

नेव्हिओ बोटं मोजायला लागला.

"तू चौदाव्यालाच गेलास, बाळा. कागदावर तू त्या उत्तरेतल्या क्लबचा घरचा. तुझं नाव लिहिलं तर ती जागा रिकामीच धरतात." ओरात्सिओने चष्मा खाली घेतला. "तुला खरंच माहीत नव्हतं?"

तिसऱ्या डिव्हिजनात अशी यादी त्याला कधी कोणी वाचून दाखवली नव्हती. आणि इथे विचारायचं कशाला? स्वतःच्या गावात स्वतः घरचे आहोत का, हे कोण विचारतं!

बारसमोरून गेला असता तर अर्मीनिओने सोडलं नसतं. तो बंदराला वळसा घालून घरी आला. वाटेत एजंटचा फोन. दक्षिणेतला तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, रात्री आठच्या आत सही हवी, क्लब बदलायची मुदत तेव्हाच संपते, नाहीतर सहा महिने गावातच ट्रॅक सूट घालून फिर.

घरी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नेव्हिओ तडक खोलीत गेला. आणि तिथे त्या दाराच्या चौकटीवर रोजच्याच उंचीच्या खुणा. खाली निळ्या पेनाच्या, त्याच्या, दर वाढदिवसाच्या. चौदाला थांबलेल्या. आणि त्याच्या वर, त्याच लाकडावर, लाल, हौकुरच्या. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. सगळा उन्हाळा तो त्या लाल रेघांखालून ये-जा करत होता. आज नाही!

त्याने स्वयंपाकघरातून भांड्यांची घासणी आणली आणि घासायला लागला. सगळ्यात वरची आधी. साबण ओघळला, रंग निघाला, रेघ काही निघेना. लाकडात कोरली होती बयेने!

"वरची निघत नाही. मीपण घासून बघितलंय."

मागे हौकुर. हातात पावाची पिशवी. आज मंगळवार!

"तू कशाला काढायला गेला होतास?" नेव्हिओने न वळताच विचारलं.

"राग यायचा."

"तुला? तुला कसला रे राग? माझा पलंग, माझी आई, आता माझी जागा. अजून काय पाहिजे, माझी चड्डी?"

"घातलीय तुझी चड्डी. पहिल्या हिवाळ्यात." हौकुरने पिशवी खाली ठेवली. "ऐक. माझ्या वाढदिवसाला ती कधी मोजायची नाही. तुझ्या वाढदिवसाला मोजायची. मला इथे उभं करायची, रेघ मारायची, आणि मग बाजूला होऊन बघायची. म्हणायची, 'माझा आता एवढा झाला असेल, नाही?' मला म्हणायची! मी सोळा वर्षांचा, घरापासून तीन विमानं लांब, आणि मी म्हणजे काय, तर तुझी उंची मोजायची पट्टी."

नेव्हिओची घासणी थांबली.

"हो म्हणायचो मी," हौकुर म्हणाला. "दर वर्षी. आणि मनात म्हणायचो, बुटका राहू दे लेकाचा."

खरं सांगायचं तर नेव्हिओला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी वाटलं ते भलतंच, गोड गोड, उकळत्या पोटावर कोणी बर्फ ठेवावा तसं. पाच वर्षं याच्या पोटातही जळत होतं! माझ्यामुळे!

"मग झालो का बुटका?"

"ते बघितलं नाही अजून कोणी."

तेवढ्यात लोरेदानाबाई आल्या, खांद्यावर ओला टॉवेल. साबणाचे ओघळ बघितले, घासणी बघितली, मुलाचं तोंड बघितलं. यादीबद्दल विचारावंच लागलं नाही.

"कुठे?" एवढंच म्हणाल्या.

"दक्षिणेत. आठच्या आत सांगायचंय."

"जाणार?"

"इथे काय करू?"

त्यांनी ड्रॉवर उघडला. निळं पेन वाळून गेलेलं, हातावर रेघ ओढून बघितली, फेकून दिलं. लाल घेतलं.

"लाल नको," नेव्हिओ म्हणाला.

"आहे ते हे आहे. उभा राहा."

चोवीस वर्षांचा गडी चौकटीला पाठ लावून उभा राहिला. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला हौकुरची शेवटची रेघ दिसत होती, चांगली चार बोटं वर, ओली, रंग गेलेली, पण होती तिथेच. हौकुर समोर हाताची घडी घालून बघत होता. हसत नव्हता मेला, पण डोळे हसत होते.

नेव्हिओने श्वास आत घेतला, मान ताणली आणि हळूच, अगदी हळूच...

"टाचा खाली," आई म्हणाली.