हात कुठं जातो?

बाथरूममधला आधाराचा दांडा सिस्टरांच्या हातात आला तो दोन टाइल्स आणि मूठभर भुगा घेऊनच. त्या मागच्या भिंतीवर आदळल्या, पण सावरल्या. अडतीस वर्षं वॉर्डात रोग्यांना उचललेलं शरीर होतं ते.

"काय झालं गं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. बादली सरकली."

दांडा बसवून चार तासही झाले नव्हते. परदेशातल्या मुलाने मोबाइलवरून ठरवलेला माणूस सकाळी गणवेशात आला, दोन इवलेसे स्क्रू पिळले, दांड्याचा फोटो काढला आणि "पाच स्टार द्या हं मावशी" म्हणून निघून गेला. त्याच्या आधीच्या मिस्त्रीने तर तीन आठवडे 'उद्या येतो'चा जप लावला होता. तो उद्या काही उजाडला नाही.

सात आठवड्यांपूर्वी नवरा बाथरूममध्ये पडला. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून आंघोळ पलंगावरच. ओलं फडकं अंगाला लागलं की तो डोळे मिटून घ्यायचा. सिस्टरांनी आयुष्यात शेकडो माणसं पुसली होती. पण असे डोळे कुणी मिटले नव्हते. त्यात त्या जरा नजरेआड झाल्या की तो एकटाच उठू बघायचा. त्यामुळे दूध, भाजी, औषधं, सगळं तिसऱ्या मजल्याच्या दारातच यायचं. सात आठवड्यांत त्या जिना उतरल्या नव्हत्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, बसला ना दांडा?"

"निघाला."

"बघ! म्हणून म्हणतो, ते घर आता तुम्हाला झेपणारं नाही. वृद्धाश्रमात दोन जागा धरून ठेवल्यात मी. महिनाअखेरीला येतो, तोवर मन तयार करा."

त्यांनी फोन ठेवला. पलंगावर नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या जुन्या आयाकडून हॉस्पिटलच्या प्लंबरचा नंबर मिळवला. तोही कधीच निवृत्त झालेला. "गुरुवारी दहाला येतो," एवढंच म्हणाला आणि पावणेदहाला दारात धापा टाकत उभा राहिला.

"लवकर आलात?"

"जिन्याला पंधरा मिनिटं धरली होती, सिस्टर. गुडघे चांगले निघाले आज."

त्याने पान्याच्या दांडीने भिंतीवर टकटक केलं, कान लावला. "ही पोकळ आहे. हिच्यावर शर्ट टांगा, माणूस नको. स्वयंपाकघराकडची भिंत भक्कम आहे. बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावू. डब्यांच्या फळीवर दिसेल ती. चालेल?"

"दिसू दे."

"मग साहेबांना विचारतो."

"मला सांगा ना, काय पाहिजे ते."

"तुम्ही थोड्याच पडलात?" म्हणत तो बाहेर गेला आणि पलंगाशी टेकला. "साहेब, पाय घसरला तेव्हा हात कुठं गेला होता?"

नवऱ्याने डोळे उघडले. या सात आठवड्यांत त्याच्याबद्दल सगळ्यांनी सिस्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी, मुलाने, गणवेशवाल्यानेही.

"पेन्सिल दे," तो म्हणाला.

जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती. वर्तमानपत्राच्या कडेला त्याने बाथरूम काढलं: नळ, उंबरा, आणि हात गेला होता ती जागा, फुलीने.

प्लंबरने कागद दूर धरून पाहिला. "मी चार बोटं वर बसवला असता. पुन्हा पडला असतात."

दुपारपर्यंत काम चाललं. शेवटी प्लंबर स्वतः दांड्याला लोंबकळला, मग सिस्टरांना लोंबकळायला लावलं. दांडा हलला नाही.

तो गेल्यावर नवरा पलंगाच्या कडेला येऊन बसला. "टॉवेल आण."

सिस्टरांनी त्याला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं. त्याने आत पाय टाकला, दांडा घट्ट धरला. बोटं पांढरी पडली. मग हळूहळू त्यांत रंग आला.

"मी पाठ चोळून देते."

"नको. दार ओढून घे. आणि बाहेर उभी राहू नकोस. मला कळतं तू कान लावलेला."

नळ सुरू झाला. सिस्टर खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. हातांना काही काम नव्हतं. त्यांनी चपला घातल्या. पट्टे कडक झाले होते. पिशवी घेतली आणि कठडा धरून एक मजला उतरल्या.

खालच्या बाई कुलूप लावत होत्या. "अगंबाई, सिस्टर! किती दिवसांनी! कुठं निघालात?"

सिस्टरांनी तोंड उघडलं. सात आठवडे पलंगाशी बसून त्या मनातल्या मनात कुठं कुठं जाऊन आल्या होत्या. त्यातलं एकही ठिकाण आता आठवेना.

"इथंच," त्या म्हणाल्या.

बाई निघून गेल्यावर त्या पायरीवर टेकल्या. वर पाण्याचा आवाज चालू आहे का म्हणून कान दिला. इतक्या खाली तो येत नव्हता. पिशवी मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. वर गेल्या नाहीत, खालीही नाही.