टीपकागद

माझ्या प्रयोगशाळेत म्हातारे उंदीर आहेत. त्यांना एकेक करून टीपकागदावर सोडायचं आणि नंतर तो कागद जांभळ्या दिव्याखाली धरून लघवीचे डाग पाहायचे, हे माझं काम. तरुण उंदीर कोपऱ्यात एक मोठा डाग करून मोकळा होतो. प्रोस्टेट वाढलेला म्हातारा कागदभर ठिपके सांडत हिंडतो. धाकटा भाऊ मला ‘मूत्राचार्य’ म्हणून चिडवतो. बाबा मात्र भेटेल त्याला पकडून माझ्या संशोधनाचं कौतुक ऐकवतात.

त्याच बाबांवर मी घरी खेकसायचे. बाथरूममध्ये इतका वेळ काय करता? फरशी कोण पुसणार? एकदा तर मी पाहुण्यांसमोर म्हणाले, “लहान आहात का आता?” त्यांनी हसून वेळ मारून नेली.

रविवारी मी बाथरूम धुवायला गेले, तर कमोडभोवती वर्तमानपत्राची पानं अंथरलेली. मला फरशी पुसायला लागू नये म्हणून. पानभर बारीक पिवळे ठिपके. ते वाचायला मला दिवा लागला नाही. उंदरांवर मी कधी आवाज चढवला नव्हता.

“उद्या डॉक्टरकडे जायचं,” मी म्हटलं.

“अगं, वय झालं की व्हायचंच. तुझं काम सोडून कुठे माझ्यामागे फिरतेस?” खूप विनवण्या केल्यावर बाबा तयार झाले.

डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून त्रास होतोय?”

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. “चार दिवस झाले असतील. मुलगी यातलीच आहे ना, तिच्या लगेच लक्षात आलं!”

डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकाने हसले आणि गोळ्या लिहू लागले. चार दिवसांचा त्रास म्हणजे साधा संसर्ग, असंच त्यांना वाटलं असणार. मी गप्प बसले असते, तर माझी लाज झाकली गेली असती. लघवी तुंबून बाबांच्या मूत्रपिंडांचं काय झालं असतं, हे मला पुरतं ठाऊक होतं.

“वर्ष होऊन गेलंय, डॉक्टर,” मी म्हणाले. “मला रोज दिसत होतं. मी नुसती ओरडत होते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते काही बोलणार, तोच बाबा घाईघाईने पुढे सरकले.

“तिला बोलू नका हो. हल्ली मी दुपारनंतर पाणीच पीत नाही. तिला काही त्रास नाही माझा.”